सोबतीला बसलेलं माणूस

श्रोतेहो, नमस्कार.

घरात कॅन्सरचा पेशंट असला की येणारा-जाणारा त्याची विचारपूस करतो. आता कसं वाटतंय, जेवण जातं का, झोप लागते का. विचारायलाच हवं. पण त्याच खोलीत, पलंगाच्या पायथ्याशी, फाईल आणि गोळ्यांची पिशवी सांभाळत आणखी एक माणूस बसलेलं असतं. बायको असते, मुलगा असतो, सून असते. त्या माणसाला कोणी विचारत नाही, की बाई, तू जेवलीस का? आज मी त्या सोबतीला बसलेल्या माणसाबद्दल बोलणार आहे.

2012 साली माझ्या आईला स्तनाचा कॅन्सर निघाला. आम्ही परभणीकडचे. तिला घेऊन मी मुंबईला आले, परळच्या टाटा रुग्णालयात केस काढली. 1941 पासून देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं तिथं येताहेत, तशाच आम्ही दोघी. मुंबईत ओळखीचं कोणी नाही. दादरला गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली आणि डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं. मला तर मनापासून वाटतं, मोठं रुग्णालय बांधताना शेजारी धर्मशाळा बांधणं सक्तीचं करावं. ऑपरेशन थिएटरइतकीच तिची गरज असते. गाडगेबाबांना हे कळलं होतं.

तर, आईची केमो दर 21 दिवसांनी असायची. पहिल्या केमोनंतर दोन-तीन दिवसांत तिच्या तोंडाची चव गेली. "पानी बी लोखंडावानी लागायलंय," म्हणायची. मी पेज केली, मऊ खिचडी केली, वरणभात कालवून दिला. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. "नको म्हनलं ना एकदा!" मी चिडायचे, मग न्हाणीघरात जाऊन रडायचे. चार रात्री माझ्या डोळ्याला डोळा नव्हता.

आमच्या शेजारी जळगावकडचे एक भाऊ होते. त्यांच्या पत्नीला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर होता, शेक, म्हणजे रेडिएशन, चालू होते. त्याही त्यांच्या हातून काही खायच्या नाहीत. एक दिवस संध्याकाळी ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही आमच्या हिच्याजवळ बसा. मी मावशींजवळ बसतो. अर्धा तास."

माझ्या हातातली पेजेची वाटी त्यांनी घेतली. आतला स्टीलचा चमचा काढून ठेवला आणि स्वतःच्या पिशवीतून एक लहानसा लाकडी चमचा काढला. तोंडाला धातूची चव येत असली की लाकडाचा चमचा बरा, हे त्यांना वॉर्डातल्या सिस्टरनी सांगितलं होतं. आईच्या अंथरुणाशेजारी मांडी घालून बसले. "खा" म्हणून एकदाही म्हणाले नाहीत. आपल्या केळीच्या बागेचं सांगत राहिले. वाऱ्यानं झाडं कशी आडवी होतात, घडाला टेकू कसा द्यायचा. आई शेतकऱ्याची बायको. तिला राहवेना. मान वळवून विचारलं, "हिरीचं पानी हाय का बोरचं?" त्यांनी उत्तर दिलं आणि चमचा पुढं केला. आईनं तोंड उघडलं. श्रोतेहो, अर्धी वाटी पेज गेली तिच्या पोटात. चार दिवसांनी पहिल्यांदा. घरच्या माणसाला नाही म्हणता येतं, परक्याला तोंडावर नाही म्हणायला जीव धजत नाही.

इकडे मी वहिनींना दहीभात भरवत होते. चार घास झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, लघवीला फार आग होते हो. आठवडा झाला होता. डॉक्टरांपुढे लाज वाटत होती, नवऱ्याला सांगितलं तर घाबरेल म्हणून त्याला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर गेले, सिस्टरच्या कानावर घातलं, तपासणी होऊन औषध मिळालं.

मग रोज संध्याकाळी सहाला आमची ही अदलाबदल ठरून गेली. एकदा वहिनीच मला म्हणाल्या, "तुम्ही पडा थोडं." मी त्यांच्या गादीच्या कडेला आडवी झाले, ती दीड तासानं जागी झाले. इतकी गाढ झोप मला त्या पाच महिन्यांत परत लागली नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, "काही लागलं तर सांगा" असं म्हणून निघू नका. कोणी सांगत नाही. वार सांगा, वेळ सांगा. "मंगळवारी चार ते सहा मी बसते, तुम्ही झोपा." पुन्हा सांगते, वार आणि वेळ. आणि मोबाईलवर आलेले पाल्यांचे, काढ्यांचे उपाय त्या घरी नेऊ नका. दमलेल्या माणसावर आणखी एक निर्णय लादला जातो.

एक शब्दही मला खटकतो. "कॅन्सरशी झुंज अपयशी ठरली" असं छापून येतं. माझी आई 2016 साली गेली. त्याच्या आदल्या वर्षी तिनं गौरी बसवल्या, पुरण स्वतः वाटलं. तिला अपयशी कसं म्हणायचं?

उपचारासाठी परगावी जाणाऱ्यांनी रेल्वेची सवलत जरूर घ्यावी. रुग्णालयाचा दाखला असला की स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबतच्या एकाला 75 टक्के सूट मिळते. दुखणं असेल तर ते सहन करत बसू नका. वेदना कमी करण्याचं काम पॅलिएटिव्ह केअरचे डॉक्टर उपचार चालू असतानाही करतात, ते फक्त शेवटच्या दिवसांसाठी नसतात.

आणि एक गोष्ट सोबत करणाऱ्यानं पाठच करून ठेवावी. केमोनंतर, विशेषतः दुसऱ्या आठवड्यात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या दिवसांत ताप 100.4 वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, घरातली गोळी देऊन थांबायचं नाही, रात्र असो की सण असो, तडक रुग्णालय गाठायचं. आकडा परत सांगते, 100.4. घरात थर्मामीटर नसेल तर आजच आणा.

नमस्कार.