भटजी नव्हे, गुरुजी

ज्यू धर्मगुरूला रब्बाय म्हणतात. या शब्दाचा हिब्रू उच्चार ‘रब्बी’ असा आहे. मराठी कानाला त्यातून गहू-हरभऱ्याचा हंगाम आठवतो, पण त्याचा अर्थ ‘माझे गुरू’ असा होतो. ज्यू धर्मात सामूहिक प्रार्थनेसाठी रब्बाय असलाच पाहिजे असे नाही. परंपरेनुसार दहा प्रौढ पुरुष जमले की ती करता येते. शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवणारे आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेलेले कोकणातले बेने इस्रायल ज्यू तर रब्बायाविनाच पिढ्यान्‌पिढ्या आपला धर्म सांभाळत आले. तेव्हा रब्बायाला भटजी समजणे चुकीचे ठरेल. तो गुरुजी आहे. मात्र ज्या समाजात धर्माचे शिक्षण घ्यायचे की नाही हे ज्याचे तो ठरवतो, तिथे या गुरुजीने काय करायचे?

पुढे रब्बाय झालेल्या जोनाथन सॅक्स यांच्यापुढे हा प्रश्न अगदी अनपेक्षितपणे आला. 1948 साली लंडनमध्ये, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरी जन्मलेले सॅक्स केंब्रिजला तत्त्वज्ञान शिकत होते. 1968 च्या उन्हाळ्यात मनातल्या शंका घेऊन ते अमेरिकेला गेले आणि न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये कर्मठ ज्यूंच्या लुबाविच पंथाचे प्रमुख मेनाहेम श्नीअरसन यांना भेटले. आपण प्रश्न विचारायचे आणि त्यांनी उत्तरे द्यायची, अशी सॅक्स यांची अपेक्षा होती. काही वेळाने श्नीअरसन यांनीच उलट विचारले की केंब्रिजमधल्या ज्यू विद्यार्थ्यांसाठी तुम्ही काय करता? सॅक्स अडखळत म्हणाले, ‘सध्या मी ज्या परिस्थितीत सापडलो आहे...’ श्नीअरसन यांनी त्यांना तिथेच थांबवले. माणूस परिस्थितीत सापडत नसतो, तो स्वतःच तिथे जाऊन उभा राहतो, आणि म्हणून तिथून हलूही शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. हा प्रसंग सॅक्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले.

तरीही ते लगेच रब्बाय झाले नाहीत. 1970 च्या दशकात त्यांनी धर्मशिक्षण पूर्ण केले, लंडनच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यू प्रार्थनास्थळात, काम केले, रब्बाय घडवणाऱ्या ज्यूज कॉलेजचे ते प्राचार्य झाले, आणि 1991 पासून 2013 पर्यंत ब्रिटनचे मुख्य रब्बाय होते. पद मोठे असले तरी त्यांचा वर्ग त्याहून मोठा होता. बीबीसी रेडिओवरच्या सकाळच्या काही मिनिटांच्या चिंतनात ते तोराह या ज्यू धर्मग्रंथाविषयी ज्या श्रोत्यांशी बोलत, त्यांतले बहुसंख्य ज्यू नव्हते.

त्यांचा एक आवडता दाखला होता. इजिप्तमधली ज्यूंची गुलामगिरी सुटण्याच्या ऐन वेळी त्यांचा नेता मोशे लोकांपुढे उभा राहतो, तेव्हा तो पुन्हा पुन्हा मुलांविषयी बोलतो. उद्या तुमची मुले विचारतील, ‘याचा अर्थ काय?’, तेव्हा त्यांना सांगा. निघण्याआधीच शिकवण्याची चिंता! आजही त्या सुटकेच्या सणाला, वल्हांडणाच्या रात्री, ती कथा सांगायला सुरुवात होते ती घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नांनी.

ही वाट सरळ नव्हती. 2002 साली आलेल्या एका पुस्तकात, कोणत्याही एका धर्माकडे संपूर्ण सत्य नाही, अशा अर्थाची विधाने त्यांनी केली. कर्मठ रब्बायांनी आक्षेप घेतला आणि पुढच्या आवृत्तीत त्यांनी मजकूर बदलला. काहींना ती माघार वाटली, आणि तसे वाटणे अगदीच गैर म्हणता येणार नाही. पण आधुनिक वाचकाशी बोलताना स्वतःच्या समाजाचा हात सुटू न देणे, ही त्यांच्या कामाची कायमची ओढाताण होती.

तोराहच्या दर आठवड्याच्या नेमलेल्या भागावर सॅक्स वर्षानुवर्षे लिहीत राहिले. 7 नोव्हेंबर 2020 रोजी, शनिवारी, म्हणजे ज्यूंच्या साप्ताहिक विश्रांतीच्या, शब्बाथच्या दिवशी, त्यांचे निधन झाले. त्या आठवड्याचा भाग होता ‘वयेरा’. त्यात देव ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याला का निवडले याचे कारण सांगतो: तो आपल्या मुलाबाळांना शिकवील म्हणून.