अध्यक्ष निवडताना परराष्ट्र धोरणाला किती वजन द्यावे?

नमस्कार मंडळी. अमेरिकेचे नागरिक झालेल्या आपल्यापैकी अनेकांना अध्यक्षपदाच्या निवडणुकीत महागाई, कर आणि आरोग्यविमा हेच विषय जवळचे वाटतात, आणि रोजच्या संसाराशी त्यांचा संबंध असल्यामुळे ते स्वाभाविकही आहे. तरीही माझे स्पष्ट मत असे आहे की या मतदानात परराष्ट्र धोरणाला आपण देतो त्याहून बरेच अधिक वजन द्यायला हवे.

याचे कारण अध्यक्षाच्या अधिकारांत आहे. कराचा दर बदलायचा झाला तर अध्यक्षाला काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची, मनधरणी करावी लागते. परदेशाच्या बाबतीत मात्र त्याचा हात पुष्कळच मोकळा असतो. २०१५ चा इराण अणुकरार हा सिनेटने, म्हणजे काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाने, मंजूर केलेला तह नव्हता, म्हणूनच मे २०१८ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना आपल्या एकट्याच्या निर्णयाने अमेरिकेला त्यातून बाहेर काढता आले.

मग उमेदवाराच्या आश्वासनांवर विसंबावे का? ऑक्टोबर १९६४ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी प्रचारसभेत सांगितले होते की, आशियातील तरुणांनी करायच्या कामासाठी आपण अमेरिकी मुलांना नऊ-दहा हजार मैल दूर पाठवणार नाही. ते प्रचंड मताधिक्याने निवडून आले आणि मार्च १९६५ मध्ये मरीन सैनिक व्हिएतनाममधील डा नांगच्या किनाऱ्यावर उतरले.

(पडद्यावर: वॉशिंग्टन येथील व्हिएतनाम स्मारकाची भिंत)

या काळ्या ग्रॅनाइटवर ५८,००० हून अधिक नावे कोरलेली आहेत. ती वर्णानुक्रमाने नाहीत, तर कोण कधी पडला त्या क्रमाने आहेत, त्यामुळे एकाच दिवशी गेलेले सोबती शेजारीशेजारी सापडतात. नातेवाईक नावावर कागद धरतात, त्यावर पेन्सिल घासतात आणि उमटलेले नाव घडी करून घरी नेतात. चकाकत्या दगडात त्या वेळी त्यांचा स्वतःचा चेहराही दिसत असतो.

म्हणून मी भाषणांपेक्षा उमेदवाराने पूर्वी, लोकमत विरुद्ध असताना, काय केले ते आधी पाहतो. ऑक्टोबर २००२ मध्ये इराकविरुद्ध बळाचा वापर करण्याची मुभा देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ मतांनी संमत झाला. तेव्हा सिनेटर असलेल्या हिलरी क्लिंटन यांनी बाजूने मत दिले होते. त्याच महिन्यात बराक ओबामा यांनी शिकागोतील सभेत या युद्धाला उघड विरोध केला होता, आणि २००८ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षीय उमेदवारीसाठी या दोघांत झालेल्या लढतीत हा फरक मतदारांपुढे होता. अर्थात ही कसोटीही पुरेशी नाही, कारण याच ओबामांनी २०११ मध्ये काँग्रेसची संमती न घेता लिबियावर हवाई हल्ले सुरू केले.

आपल्या घरांत आणखी एक निकष चालतो: भारताशी कोण चांगले वागेल? मलाही त्याची ओढ आहे. पण भारताबरोबरचा नागरी अणुकरार पुढे नेणारे आणि इराकवर सैन्य पाठवणारे अध्यक्ष एकच होते, जॉर्ज डब्ल्यू. बुश. एका देशाशी असलेला स्नेह पाहून त्या माणसाचे युद्धाविषयीचे तारतम्य ठरवता येत नाही.

तेव्हा उमेदवाराला नेमका प्रश्न विचारा. १९७३ च्या युद्धाधिकार कायद्यानुसार अध्यक्षाने सैन्य लढाईत उतरवल्यास ४८ तासांत काँग्रेसला कळवायचे असते, आणि संमती मिळाली नाही तर साधारण ६० दिवसांत ती कारवाई थांबवायची असते. ही मुदत आपण बंधनकारक मानता का, याचे उत्तर हो किंवा नाही असेच मागावे. आपल्या राज्यात त्या वर्षी सिनेटची जागा असेल, तर तेथील उमेदवारांनाही हाच प्रश्न विचारावा, कारण इराकच्या ठरावावरची ती ७७ मते सिनेटरांचीच होती.