पाण्यातलं फ्लोराइड : इंदूरचं आणि झाबुआचं

मंडळी, मघाशी जिना चढतानाच दोघांनी मला गाठलं. "डॉक्टर, फ्लोराइड नसलेली पेस्ट घ्यायची ना?" मोबाइलवर तसा निरोप फिरतोय. ते भांडण मूळचं अमेरिकेचं. तिथे १९४५ साली ग्रँड रॅपिड्स शहराच्या पाण्यात, मुलांचे दात किडू नयेत म्हणून, मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. लोक त्यावर अजून वाद घालतात. आपल्याकडे इंदूरला जलूदच्या पंपिंग केंद्रातून नर्मदेचं पाणी येतं, त्यात कुणी फ्लोराइड टाकत नाही. आपल्या देशाला चिंता आहे ती जमिनीतूनच जास्त येणाऱ्या फ्लोराइडची.

आणि ते लांब नाही. झाबुआ इथून दीडशे किलोमीटर. आपण माळव्याच्या काळ्या बसाल्टवर बसलोय. तिकडचे खडक त्याहून कितीतरी जुने. मेघनगरकडे रॉक फॉस्फेटच्या खाणी आहेत, आणि त्या खनिजातच फ्लोरीन असतं. पाणी अशा दगडांत मुरून राहिलं, त्यात कॅल्शियम कमी असलं, की फ्लोराइड विरघळत जातं. रंग नाही, वास नाही, चव नाही.

तिकडच्या एका शाळेत दंततपासणीचं शिबिर होतं. मीही गेलो होतो. मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. शिबिरवाल्या साहेबांनी मुलांना रांगेत उभं करून झापलं, "दात घासत नाही का रे?" आणि प्रत्येकाच्या हातात फ्लोराइडचीच पेस्ट ठेवली! एक चिमुरडी ओठ मिटून उभी राहिली, बोलेचना. अहो, हे डाग घासून जात नाहीत. दात हिरडीखाली घडत असताना, साधारण आठ वर्षांच्या आत, ते आतून पडतात. शाळेच्या आवारातच हातपंप होता, त्याचं पाणी तपासावं असं कुणाला सुचलं नाही. मला आजही त्याचा राग येतो. त्या पोरींना पुढे लग्न ठरवताना याच दातांवरून बोलणी खावी लागतात. पाणी तेच राहिलं तर पुढे गुडघे, पाठ, मान आखडते. माणूस वाकतो तो कायमचा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. उपायांवर बोलायचं कबूल केलं होतं, तेव्हा भराभर सांगतो.

आपल्या मानकाप्रमाणे लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर १.५. उकळून फ्लोराइड जात नाही. पाणी आटतं आणि प्रमाण वाढतं. कँडलच्या फिल्टरनेही जात नाही, आरओने जातं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने तुरटी आणि चुन्याची नळगोंडा पद्धत दिली, स्वस्त आहे, पण तुरटीचं माप पाण्यागणिक बदलतं आणि खाली बसलेला गाळ रोज काढावा लागतो. तो काढणारा माणूस नेमला नाही की यंत्रणा बंद पडते. म्हणून आधी दुसरं पाणी शोधायचं, उथळ विहीर, पावसाचं पाणी. जोडीला दूध, आवळा, टाकळ्याची भाजी. कॅल्शियम पोटात असलं तर फ्लोराइड कमी शोषलं जातं.

पेस्टचं म्हणाल तर आपल्या नर्मदेच्या पाण्यावर फ्लोराइडचीच वापरा. तीन वर्षांखालच्या मुलांना तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा.

ज्यांच्या कॉलनीत अजून बोरिंगचंच पाणी पितात, त्यांनी ते तपासून घ्या. नमुना प्लास्टिकच्या स्वच्छ बाटलीत न्या, आधी त्याच पाण्याने दोनतीनदा विसळून, आणि बोरिंग किती फूट खोल आहे ते बाटलीवर लिहा.