अम्पक्वाचा स्टीलहेड

[पहाट. फरच्या झाडांमधून वाहणारं हिरवट पाणी.]

ही नॉर्थ अम्पक्वा. अमेरिकेच्या ओरेगन राज्यात, कॅस्केड पर्वतरांगेत उगम पावणारी नदी. डोंगरमाथ्यावरचा बर्फ वितळतो, सच्छिद्र लाव्ह्यात मुरतो आणि झऱ्यांवाटे सावकाश बाहेर येतो. आपला सह्याद्रीही लाव्ह्याचाच, पण त्याचा दगड जुना आणि घट्ट. पावसाळ्यातलं बरंचसं पाणी तो धरून ठेवत नाही. कॅस्केडच्या माथ्यावरचा लाव्हा अजून तरुण आहे, म्हणून इथे भर ऑगस्टातही वरच्या भागातलं पाणी गार असतं.

या गारव्यासाठी समुद्रातून एक मासा येतो. स्टीलहेड.

जातीने तो रेनबो ट्राउटच. काही पिल्लं जन्मभर नदीत राहतात, तर काही दोन-तीन वर्षांची झाली की समुद्र गाठतात, तिथे मोठी होतात आणि अंडी घालायला परततात. पॅसिफिकमधले सामन अंडी घालून मरतात. स्टीलहेडपैकी काही मात्र पुन्हा समुद्रात जातात आणि पुन्हा येतात. उन्हाळी स्टीलहेड मे ते ऑक्टोबरच्या दरम्यान गोड्या पाण्यात शिरतो, पण अंडी घालतो थेट पुढच्या हिवाळ्यात किंवा वसंतात. तोवर फारसं काही न खाता महिनोन्‌महिने डोहात थांबतो.

अशा माशाला गळाला लावायचं, तेही फ्लायवर. रॉक क्रीकपासून सोडा स्प्रिंग्स धरणापर्यंतच्या सुमारे 50 किलोमीटरमध्ये दुसरी कुठलीच मासेमारी चालत नाही. गांडुळं नाहीत, जाळी नाहीत. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून बांधलेली फ्लाय, एवढंच. फ्लायला स्वतःचं वजन जवळजवळ नसतंच. फेकायची ती जाड लाइन, फ्लाय तिच्यामागून जाते. काठावर झाडी दाट, लाइन मागे उडवायला जागा नाही. म्हणून इथे बरेच जण दोन्ही हातांनी धरायचा लांब रॉड वापरतात आणि स्कॉटलंडच्या स्पे नदीवरून आलेली स्पे कास्ट मारतात. लाइन पाण्यावरच वळसा घेते आणि पुढे झेपावते.

[गाइड आणि पाहुणा. मांडीपर्यंत पाणी.]

गाइड आधी पाहुण्याचे बूट तपासतो. तळ सलग खडकाचा, शेवाळलेला, मध्येच खोल घळी. तळव्याला खिळे नसलेला बूट इथे टिकत नाही. मग तो बोटाने एक बुडालेला खडक दाखवतो, ज्याच्या मागे प्रवाह मंदावलाय. लाइन पलीकडे, थोडी खालच्या अंगाला पडते. प्रवाह तिचा मधला भाग ओढायला लागला की रॉडचं टोक उचलून तेवढी लाइन प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाकायची. फ्लाय कमानीत काठाकडे सरकत येते. काही नाही. प्रवाहाच्या दिशेने एक पाऊल पुढे सरकायचं, पुन्हा तेच. असा पावलापावलाने अख्खा डोह विंचरायचा. भूक नसलेला मासा फ्लायवर का येतो, चिडून की समुद्रातल्या सवयीने, यावर जाणकारांचंही एकमत नाही.

“ओढ लागली तरी हात वर झटकू नका,” गाइड बजावतो. “आधी मासा वळू द्या.”

आणि लागलाच, तर जंगली, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात न वाढवलेला स्टीलहेड सोडून द्यायचा. गाइड त्याला पाण्याबाहेर काढतच नाही. एक हात शेपटीशी, माशाचं तोंड प्रवाहाकडे. बिनकाट्याचा, म्हणजे टोकाशी उलटी आकडी नसलेला गळ चिमट्याने मागे सरकवला की निघतो. मुठीत शेपटीचा जोर जाणवला की बोटं सैल करायची. फोटो नाही मिळाला तर नाही मिळाला.

हा मासा डोहात दिसतो तो वरच्या ओढ्यांच्या जिवावर. स्टीमबोट क्रीक ही त्याची अंडी घालायची जागा, 1932 पासून मासेमारीला बंद. इथे एक नाव घ्यायलाच हवं. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेले सैनिक फ्रँक मूर. युद्धानंतर त्यांनी पत्नी जीन यांच्यासोबत 1957 मध्ये या काठावर स्टीमबोट इन सुरू केलं आणि वर्षानुवर्षं पाहुण्यांना ही नदी शिकवली. बेसुमार लाकूडतोडीने ओढ्यांवरची सावली जात होती, गाळ साचत होता, पाणी तापत होतं. मूर त्याविरुद्ध उभे राहिले. 2019 मध्ये कायद्याने स्टीमबोट खोऱ्यातला सुमारे 1 लाख एकरांचा भाग या दांपत्याच्या नावाने जंगली स्टीलहेडसाठी राखला गेला. माझ्या मते मूर यांनी धरलेल्या कुठल्याही माशापेक्षा ही कामगिरी मोठी आहे.

[जळालेला उतार. काळे बुंधे.]

2020 च्या सप्टेंबरात आर्ची क्रीकच्या वणव्याने नॉर्थ अम्पक्वाच्या खोऱ्यातलं 1 लाख 31 हजार एकरांहून अधिक क्षेत्र होरपळलं. पुढच्या उन्हाळ्यात विंचेस्टर धरणाच्या मत्स्यशिडीवरून इतके कमी स्टीलहेड वर चढले, की ऑगस्ट 2021 मध्ये राज्याने नदीवर मासेमारी बंद केली. गाइडांचा हंगाम बुडाला. तरी बंदी योग्यच होती.

खाली, साउथ अम्पक्वा येऊन मिळते तिथून पाणी कोमट होत जातं. तिथे स्मॉलमाउथ बासचं राज्य. हा मूळचा पूर्व अमेरिकेचा, माणसाने इथे आणलेला. सामनची पिल्लंही तो फस्त करतो. एल्कटन गावाच्या आसपास गाइड होडीतून बाससाठी नेतात. फ्लायवर बास झडप घालून येतो, नवशिक्यालाही मिळतो, आणि किती न्यावेत याला मर्यादा नाही. काळजी वेगळीच आहे: वरचं पाणी तापत गेलं, तर बासला आणखी वर सरकायची वाट मोकळी होते.

म्हणून स्टीलहेडच्या गाइडकडे थर्मामीटर असतो. पाणी 20 अंशांच्या आसपास पोचलं की त्यात प्राणवायू कमी, आणि झुंजून दमलेला मासा सोडला तरी जगेल याचा भरवसा नाही. सकाळचे 11 वाजलेत, पाहुण्याने दिवसभराचे पैसे भरलेत. गाइड रॉडचे तुकडे सुटे करतो आणि गाडीत ठेवतो. पाहुण्याला तो सांगतो: दुपारी बासवर जाऊ, नाहीतर उद्या उजाडायच्या आत इथे या.