तडकलेली फळी

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्या कामाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेली एक फळी आहे. मधोमध तडकलेली. तिच्या पाठीवर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय, 'आडव्या पट्टीला सरस लावला.'

माझ्या पहिल्या टेबलाचा तो वरचा भाग. पाच फळ्या कडेला कड जोडून मी तो केला होता आणि बाक येऊ नये म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या सरस आणि स्क्रूंनी घट्ट बसवल्या होत्या. हवा दमट होती तोवर टेबल छान राहिलं. कोरडे दिवस आले आणि एका रात्री खाडकन आवाज झाला. कितीतरी दिवस मी लाकडालाच दोष देत होतो.

लाकूड मात्र आपल्या स्वभावाप्रमाणेच वागलं होतं. कापून वाळवलं, तरी ते हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. लाकडावर दिसणाऱ्या रेषांच्या लांबीत त्याने फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो. त्यातही वाढीच्या वलयांच्या कडेकडेने लाकूड जितकं आकसतं, ते गाभ्याकडून सालीकडे आकसतं त्याच्या साधारण दुप्पट असतं. 600 मिलिमीटर रुंदीचा टेबलाचा माथा ऋतू बदलला की चार-पाच मिलिमीटर सहज कमी-जास्त होतो. माझ्या पट्ट्या नेमक्या त्या रुंदीतच आडव्या होत्या. त्यांची लांबी बदलणार नव्हती आणि माथ्याला तर आकसायचं होतं. मग तडा जाणारच.

दुसऱ्या टेबलाला सरस लावलाच नाही. पट्टीचं मधलं भोक गोल ठेवलं आणि कडेची भोकं पट्टीच्या लांबीत लांबट केली, म्हणजे माथा हलला की स्क्रूही त्याच्याबरोबर सरकतो. ते टेबल आजही सपाट आहे.

करवतीने मला वेगळा धडा दिला. पात्याची वाट दोन-तीन मिलिमीटर लाकूड खाते, हे मी धरलंच नव्हतं आणि चार सारखे तुकडे एकदम आखून मोकळा झालो. आता एक कापतो, मगच पुढचा आखतो. टाकाऊ बाजूला फुली मारतो आणि पातं त्या बाजूलाच ठेवतो.

आणि पटाशी. हे कळकळीने सांगतो : बोथट पटाशीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती निसटते. काम सुरू करण्याआधी धार लावा. लाकूड क्लॅम्पमध्ये आवळा आणि दोन्ही हात धारेच्या मागे ठेवा. माझा डावा हात एकदा पुढे होता. जखम भरली, पण त्या बोटाचं टोक अजून थोडं बधिर आहे.

तुमच्याकडे एखादी रुंद, अखंड लाकडाची फळी असेल, तर आज तिची रुंदी मोजा आणि तारखेसकट तिच्याच पाठीवर लिहून ठेवा. हवा बदलली की पुन्हा मोजा. प्लायवूडवर हे करू नका, त्यात फरक दिसणार नाही.

नमस्कार.