काजूच्या बागेतली राखण

[काजूची बाग, मोहोराचे दिवस. फांदीच्या टोकाला पानांचा हिरवा गोळा.]

वेंगुर्ल्याकडच्या काजूच्या बागेत असा पानांचा गोळा दिसला, तर त्याला धक्का लावू नका. ते लाल मुंग्यांचं घर आहे, आणि या मुंग्या चावतात त्या अगदी मनापासून.

घर बांधायची त्यांची रीत मात्र जवळून बघावी. दोन पानांत अंतर असलं की मुंग्या एकमेकींची कंबर जबड्यात धरून साखळी करतात आणि पानं ओढून आणतात. मग येतात दुसऱ्या मुंग्या, तोंडात अळ्या घेऊन. मोठ्या मुंगीला रेशीम काढता येत नाही, अळीला येतं. ती अळी विणकराच्या धोट्यासारखी या पानावरून त्या पानावर फिरते आणि पानं जोडली जातात. अशी कितीतरी घरटी, चार-सहा झाडांवर पसरलेली. वसाहत मात्र एकच.

[कोवळी पालवी. ढेकण्या.]

हा ढेकण्या नावाचा किडा. पालवी, मोहोर, कोवळी बी, सगळ्यात सोंड खुपसून रस शोषतो. शेंडे करपल्यासारखे वाळतात. लाल मुंग्यांचा राबता असलेल्या झाडावर त्याची डाळ फारशी शिजत नाही. दक्षिण चीनमधले बागायतदार तर संत्रावर्गीय झाडांवर याच मुंग्यांची घरटी विकत आणून टांगत. त्याची नोंद इ.स. 304 च्या सुमाराची मानली जाते.

जमिनीवरच्या मुंग्यांचं काम निराळं. फळमाशीची अळी आंब्यातून निघून कोषात जायला मातीत उतरते, तेव्हा त्या तिला गाठतात.

[द्राक्षाचं खोड, मुंग्यांची रांग.]

पण सगळ्याच मुंग्यांना ओवाळायला नको. नाशिकच्या द्राक्षबागेत अशी रांग दिसली की सालीखाली पिठ्या ढेकूण शोधावा. तो गोड चिकटा सोडतो. मुंग्या तो चाटतात आणि पिठ्या खायला आलेल्या ढालकिड्यांना पिटाळून लावतात. काजूवरची लाल मुंगीही या व्यवहारात मागे नाही. त्यामुळे तिच्यावर बाग सोपवली, तरी पानाखाली नजर हवीच.

[दोन झाडांमध्ये बांधलेली दोरी.]

काजूची बी खाली पडल्यावर वेचतात, म्हणून इथे मुंग्यांचा जाच कमी. आंबा उतरवायला झाडावर चढणाऱ्याला विचारा, तो वेगळंच सांगेल! मुंग्यांना ये-जा करायला दोरी बांधायची, तर दोन्ही झाडांवर एकच वसाहत आहे ना, हे आधी पाहावं. वसाहती वेगळ्या निघाल्या, तर ढेकण्या राहतो बाजूला आणि मुंग्या एकमेकींनाच फाडतात.