चुली वेगळ्या मांडलेला देश

नमस्कार, श्रोतेहो. १६ जून २००६. जर्मनीतलं गेल्सेनकिर्शेन, फुटबॉलचा विश्वचषक. अर्जेंटिनासमोर ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’चे खेळाडू रांगेत उभे आहेत. राष्ट्रगीत जुन्या युगोस्लाव्हियाचंच. आणि गंमत बघा, हा देश १३ दिवसांपूर्वीच मोडलेला!

युगोस्लाव्हियातून बाकीचे निघून गेले, १९९२ साली ही दोनच प्रजासत्ताकं एकत्र उरली. मॉन्टेनेग्रोचाही पाय पुढे घराबाहेर पडायला लागला. पण बाल्कनमध्ये आणखी एक वाटणी युरोपीय संघाला नको होती. संघाचे परराष्ट्र धोरण प्रमुख हाविएर सोलाना मध्ये पडले, २००२ च्या मार्चमध्ये करार झाला आणि २००३ च्या फेब्रुवारीत ‘सर्बिया आणि मॉन्टेनेग्रो’ हा नवा, सैलसर संघ उभा राहिला. लोक त्याला चेष्टेनं ‘सोलानिया’ म्हणायचे. बारशालाच असं नाव पडल्यावर काय बोलायचं?

घर एक, चुली दोन. सर्बियाची राजधानी बेलग्रेडमध्ये कॉफीचे पैसे दिनारमध्ये द्यायचे, मॉन्टेनेग्रोची राजधानी पॉडगोरिट्सात युरोमध्ये. जकातही ज्याची त्याची. सामाईक म्हणजे लष्कर, परराष्ट्र खातं आणि एक संसद. नव्या राष्ट्रगीतासाठी दोघांच्या गीतांची कडवी आलटूनपालटून लावायची टूम निघाली, तीही बारगळली. शिवाय थोरला भाऊ सर्बिया लोकसंख्येनं धाकट्या मॉन्टेनेग्रोच्या साधारण बारापट! थोरल्याला वाटे, धाकटा डोईजड झालाय. धाकट्याला वाटे, आपल्याला विचारतंय कोण?

त्यातच सोय करून ठेवलेली, की तीन वर्षांनी ज्याला निघायचं त्यानं सार्वमत घेऊन निघावं. मला विचाराल तर संघ त्या कलमातच संपला होता. तीन वर्षांनी सोडायच्या खोलीला स्वतःच्या पैशानं रंग कोण काढतं?

२१ मे २००६ ला मॉन्टेनेग्रोत मतदान झालं. युरोपीय संघाची अट होती, किमान ५५ टक्के मतं हवीत. पडली ५५.५. म्हणजे अटीच्या वर जेमतेम २,००० मतं! ३ जूनला मॉन्टेनेग्रो स्वतंत्र झालं. सर्बियाच्या जनतेला मात्र कुणी विचारलंच नाही, तिला स्वातंत्र्य न मागता मिळालं.

सामना अर्जेंटिनानं ६-० असा जिंकला. ते सहाही गोल ज्याच्यावर झाले, तो गोलरक्षक द्रागोस्लाव येव्रिच जन्मानं मॉन्टेनेग्रोचा.